टोकियोत गाईडबरोबर पायी: कुठे, किती आणि कशासाठी

ठाण्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "नोव्हेंबरच्या मध्यात आम्ही चौघं टोकियोला येतोय. मी, बायको, आई (६८) आणि बाबा (७२). टोकियोत चार दिवस आहोत. बाबांचा उजवा गुडघा दुखतो, आई पूर्ण शाकाहारी आहे. एक दिवस खासगी गाईड घेऊन शहर पायी बघावं असं मनात आहे. पैसे सार्थकी लागतात का? एका दिवसात किती होतं? आणि नेताजींच्या अस्थी ठेवलेलं देऊळ बघायची बाबांची फार इच्छा आहे, ते त्याच दिवशी जमेल का?"

"किती होतं" याचं उत्तर आधी देते, कारण बाकी सगळं त्यावरच ठरतं. एका दिवसात पायी टोकियोचा एक कोपरा होतो. या शहराचे तेवीस वॉर्ड आहेत. गोल फिरणारी यामानोते लोकल एकटीच साडेचौतीस किलोमीटरचा फेरा घालते आणि तिच्यावर तीस स्टेशनं आहेत. गाईडला "एका दिवसात जास्तीत जास्त दाखवा" म्हणालात, तर अर्धा दिवस स्टेशनांच्या भुयारांत आणि सरकत्या जिन्यांवरच जाईल.

मी जपानी पुण्यात शिकले, गाईडचा परवाना इथे इंग्रजीतून काढला, आणि चौदा वर्षं पाहुण्यांना या शहरात पायी फिरवते आहे. सुरुवातीच्या काळात नाशिकच्या एका कुटुंबाला मी एका दिवसात पाच ठिकाणं दाखवली होती. मेइजी देवस्थान, शिबुयाचा चौक, राजवाड्याची बाग, आसाकुसा आणि शेवटी स्कायट्रीचा मनोरा. यादीतलं एकही सुटलं नाही. संध्याकाळी त्यांच्या आजींना विचारलं, काय आवडलं? त्या म्हणाल्या, "सकाळी हॉटेलच्या मागच्या गल्लीत तो म्हातारा दारासमोर पाणी शिंपडत होता ना, ते." त्या गल्लीतून आम्ही घाईघाईने गेलो होतो. आजींना थांबायचं होतं आणि मी "चला, गाडी चुकेल" म्हणाले होते. ते मला अजून लागून आहे. त्या दिवसानंतर मी पाच ठिकाणांचं काम घेतलेलं नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. शिबुयाचा चौक, गिंझाची दुकानं, अकिहाबारा, स्कायट्री यांसाठी गाईड घेऊ नका. ती ठिकाणं तुमची तुम्हाला सापडतात आणि पाहिली की कळतात. गाईडचे पैसे लावायचे ते दोन ठिकाणांच्या मधल्या गल्ल्यांसाठी. तिथे पाटी वाचता येत नाही, दार उघडं आहे की खासगी ते समजत नाही, आणि जे दिसतं त्याचा आपल्याशी काय संबंध, हे सांगायला कोणी नसतं.

इथल्या पत्त्यांचंच बघा. टोकियोत बहुतेक रस्त्यांना नावं नसतात. पत्ता असतो तो वस्तीचा: आधी वॉर्ड, मग मोहल्ल्याचं नाव, मग चोमे म्हणजे त्याचा क्रमांकाचा भाग, मग त्यातला घरांचा गट, मग घर. नाव रस्त्याला नसून रस्त्यांच्या मधल्या जागेला असतं. पुण्यातल्या पेठेत घर नंबरावरून वाडा शोधलेल्या माणसाला हे चटकन पटतं. मोबाईलचा नकाशा दारापर्यंत नेतो, हे खरं. पण विजेच्या खांबावरची छोटी पाटी वाचून "आता आपण यानाका तीन-चोमेत आलो" हे कळलं की माणूस नकाशातून मान वर काढतो. ही पाटी वाचायला मी सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासातच शिकवते. आकडे तेवढे ओळखायचे असतात.

तुमच्यासाठी मी पूर्वेकडची बाजू निवडेन: आसाकुसा, मग उएनोचं तळं, मग यानाका. ही शितामाची, म्हणजे खालची वस्ती. कारागीर, दुकानदार, नावाडी यांची. एरवी मी हे सगळं आठ-नऊ किलोमीटर चालवते. तुमच्या बाबांसाठी मधले दोन तुकडे रेल्वेने आणि एक टॅक्सीने करायचे, म्हणजे चालणं साडेचार-पाच किलोमीटरवर येतं आणि तेही चार टप्प्यांत.

हा दिवस सहलीच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. पहिल्या दिवशी नको, कारण जपान आपल्या साडेतीन तास पुढे आहे. इथे सकाळचे साडेआठ म्हणजे आईंच्या अंगातल्या घड्याळात पहाटेचे पाच. शेवटच्या दिवशीही नको, कारण गाईडकडून शिकलेलं पुढच्या दिवसांत वापरायला मिळालं पाहिजे. गाडीचं कार्ड कसं भरायचं, स्टेशनचा कोणता दरवाजा घ्यायचा, लिफ्ट कुठे असते, दुकानातल्या पाकिटावर काय वाचायचं, एवढं आलं की पुढचे दोन दिवस तुम्ही मोकळे.

दरवाज्यावरून आठवलं. आसाकुसा नावाची स्टेशनं एक नाही, चार आहेत, वेगवेगळ्या कंपन्यांची. त्यातलं त्सुकुबा एक्सप्रेसचं तर बाकीच्यांपासून चांगलं अर्धा किलोमीटर लांब. "आसाकुसा स्टेशनला भेटू" एवढंच ठरवून दोन कुटुंबं एकमेकांना शोधत बसलेली मी पाहिली आहेत. आणि लिफ्ट प्रत्येक दरवाज्याला नसते, ठराविक एक-दोन दरवाज्यांनाच असते. गुडघा दुखणाऱ्या माणसासाठी सगळ्यात उपयोगी माहिती हीच. गाईडला आधी विचारा, "कोणत्या दरवाज्याला लिफ्ट आहे?" तोंडपाठ उत्तर आलं तर तो माणूस ज्येष्ठांना घेऊन खरोखर हिंडलेला आहे.

आसाकुसाला साडेआठला पोचायचं. कामिनारिमोन, म्हणजे सेन्सोजी देवळाचं वीजगर्जनेचं दार, तेव्हा मोकळं असतं. ३.९ मीटर उंच आणि सातशे किलोचा तो लाल कंदील सगळे समोरून बघतात आणि फोटो काढून पुढे जातात. त्याच्या बरोबर खाली उभं राहून वर बघा, तळाला लाकडात कोरलेला ड्रॅगन आहे. हे दार आगीत गेल्यावर सुमारे शंभर वर्षं तिथे दारच नव्हतं. पॅनासोनिकचे संस्थापक कोनोसुके मात्सुशिता यांनी आजारातून बरं झाल्यावर ते बांधून दिलं, १९६० साली. नवस फेडण्याची ही रीत आईंना वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

आतली नाकामिसे ही अडीचशे मीटरची दुकानांची गल्ली त्या वेळी बंद असते आणि तेच बरं. शटरवर आसाकुसाचे सण रंगवलेले आहेत, ते दुकानं उघडली की दिसेनासे होतात. परत येताना दुकानं उघडलेली असतील, तेव्हा आईंना कामिनारी-ओकोशी घेऊन द्या. पाकात घट्ट बसवलेली फुगवलेल्या तांदळाची वडी. आपल्या कुरमुऱ्याच्या लाडवाची सख्खी बहीण वाटते.

सेन्सोजी हे टोकियोतलं सगळ्यात जुनं देऊळ. कथा अशी की ६२८ साली सुमिदा नदीत दोन कोळी भावांच्या जाळ्यात कान्नोनची छोटी मूर्ती आली. पाण्यात टाकली तरी पुन्हा जाळ्यात. कान्नोन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, कान्हेरी-अजिंठ्याच्या लेण्यांतला. चीनमार्गे इथवर येता येता त्याला आईचं रूप आलं. मूर्ती कोणालाच दाखवत नाहीत, दर्शन पडद्याचंच.

इथे पाहुणे हमखास विचारतात, "देऊळ एवढं जुनं, मग हे काँक्रीट कसं?" हा प्रश्न आला की मी त्यांना बाजूच्या गिंको झाडापाशी नेते. खोड एका अंगाने फाटून पोकळ झालेलं, आतून काळं. बोट लावू नका, पण जवळ जाऊन बघा. कोळसा झालेलं लाकूड आणि त्याच्या कडेने वर गेलेली जिवंत साल एकाच खोडात दिसते. १० मार्च १९४५ च्या रात्री अमेरिकी बॉम्बहल्ल्यात टोकियोचा हा पूर्वेकडचा भाग जळाला. सुमारे एक लाख माणसं त्या एका रात्रीत गेली. १९२३ च्या भूकंपातून आणि त्यानंतरच्या आगीतून मुख्य देऊळ वाचलं होतं, या वेळी वाचलं नाही. लोकांनी पैसे जमवून १९५८ साली ते पुन्हा उभं केलं, या वेळी न जळणारं. नोव्हेंबरच्या मध्यात या झाडाची पानं पिवळी व्हायला लागलेली असतात. बाबांना बसायला जवळ जागा आहे, इथे पंधरा मिनिटं द्या. देवळाच्या पूर्वेचं नितेनमोन दार आणि शेजारचं आसाकुसा देवस्थान मात्र १६४९ चं आहे, त्या आगीतून तगलेलं.

ओमिकुजी, म्हणजे नशिबाची चिठ्ठी, काढावीशी वाटली तर काढा. पण इथे "क्यो" म्हणजे वाईट चिठ्ठी येण्याचं प्रमाण मोठं आहे, हे गाईडने आधी सांगायला हवं. मी एकदा सांगायला विसरले आणि मुलाच्या लग्नाच्या काळजीत असलेल्या एका आईंचा पुढचा तास चिंतेत गेला. वाईट चिठ्ठी तिथल्याच तारेला बांधून ठेवायची आणि निघायचं, बरोबर न्यायची नाही.

आता बहुतेक लोक इथून परत फिरतात. तुम्ही नदीच्या बाजूने उत्तरेला दहा-बारा मिनिटं चाला. गर्दी संपते. एका छोट्या टेकाडावर मात्सुचियामा शोदेन हे देऊळ आहे. दारापाशी मुळे विकायला ठेवलेले असतात, पांढरेशुभ्र, हातभर लांब. एक घ्यायचा आणि देवापुढे ठेवायचा. हा देव शोतेन, म्हणजे कांगितेन, म्हणजे आपला गणपती. तांत्रिक बौद्ध धर्माबरोबर तो इथे आला. इथे त्याचं रूप एकमेकांना मिठी मारलेल्या दोन गजमुखी आकृतींचं, आणि मूर्ती कायम बंद. दगडात, कंदिलावर, पायरीवर दोनच खुणा कोरलेल्या दिसतील: एकमेकांत गुंतलेले दोन मुळे आणि पैशांची थैली. मुळा म्हणजे शरीरशुद्धी आणि घरातला सलोखा, थैली म्हणजे धंद्यात बरकत. आपल्याकडच्या काही जुन्या गणेशमूर्तींच्या हातातही मुळा असतो, हे मूर्तिशास्त्र वाचलेल्यांना माहीत असेल. इथला मंत्र "ओन"ने सुरू होतो आणि "सोवाका"वर संपतो. ओन म्हणजे ॐ, सोवाका म्हणजे स्वाहा.

मी मराठी माणसांना इथे आणते तेव्हा पहिली दोन मिनिटं काहीच सांगत नाही. त्यांनी मुळे बघावेत, थैली बघावी, समोर धंदेवाल्या माणसांनी हात जोडलेले बघावेत. मग सांगते, हा कोण ते. हात आपोआप जोडले जातात. एकदा डोंबिवलीच्या एका काकूंनी तिथेच हळू आवाजात अथर्वशीर्ष म्हटलं. आतल्या भटजींनी वाकून नमस्कार केला आणि आधीच्या भक्तांनी वाहिलेला एक मुळा प्रसाद म्हणून हातात दिला. टेकाड चढायला पायऱ्या आहेत, पण ज्येष्ठांसाठी बाजूने वर जाणारा छोटा पाळण्यासारखा डबाही आहे. बाबांनी पायऱ्यांकडे बघून खालीच थांबायची गरज नाही.

तिथून टॅक्सीने आसाकुसाला परत यायचं. टॅक्सीची एक अडचण आधीच सांगून ठेवते, कारण ती ऐन वेळी उभी राहते: इथल्या नेहमीच्या टॅक्सीत चारच प्रवासी बसतात. तुम्ही चार आणि गाईड पाचवा. एकतर दोन टॅक्सी करायच्या, नाहीतर आई-बाबांना गाईडबरोबर बसवून तुम्ही दोघांनी चालत यायचं. दुसरा मार्ग मला बरा वाटतो. "माझी गाडी आणतो, त्यातून फिरवतो" असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. भाडं घेऊन प्रवासी न्यायला इथे एरवी हिरवी नंबरप्लेट लागते. गाईडने स्वतःच्या पांढऱ्या प्लेटच्या गाडीतून पैसे घेऊन नेणं बेकायदा आहे, आणि अपघात झाला तर तुमच्या विम्याचा प्रश्न येतो.

आसाकुसा ते उएनो गिंझा लाईनने. १९२७ च्या डिसेंबरात याच दोन स्टेशनांच्या मधे आशियातली पहिली भुयारी रेल्वे धावली, अवघी २.२ किलोमीटर. आई-बाबांना तेवढं सांगा, पाच मिनिटांच्या प्रवासाला वजन येतं. पाय चांगले असते तर मी हा तुकडा काप्पाबाशीतून चालवला असता, ती हॉटेलवाल्यांच्या भांड्यांची, सुऱ्यांची आणि मेणासारख्या दिसणाऱ्या नकली पदार्थांची पेठ आहे. तुम्हा दोघांना आवड असेल तर दुसऱ्या दिवशी स्वतंत्र जा.

जेवण इथे, उएनोत. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण दिवस बिघडतो तो इथेच.

जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी, आणि दाशी बहुतेक वेळा कात्सुओबुशीची, म्हणजे सुकवून वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पापुद्र्यांची. सुकट फोडणीला पडली तर आपल्याला वासावरून कळतं. दाशीचा वास आपल्याला ओळखू येत नाही, त्यामुळे नुसत्या भाज्यांची वाटी, सोबा शेवयांचं पाणी, भज्यांबरोबरची चटणी, सगळ्यात मासा असतो आणि कळत नाही. "मी व्हेजिटेरियन" असं सांगितलं तर समोरचा मनापासून मांस वगळतो आणि दाशी ठेवतो. त्याच्या दृष्टीने ते मांस नसतंच, त्यात फसवणूक नाही. म्हणून विचारायचं ते "दाशीसुद्धा नको, कोंबूची चालेल" असं. कोंबू म्हणजे समुद्री शेवाळ. चांगला गाईड हे दोन दिवस आधी हॉटेलला फोन करून ठरवतो. ऐन वेळी, गर्दीच्या तासाला, दारात उभं राहून विचारलं तर उत्तर बहुतेक "जमणार नाही" असंच येतं.

खात्रीचा पर्याय म्हणजे शोजिन र्योरी, बौद्ध मठांचं जेवण. त्यात मांस-मासे नाहीत, दाशी शेवाळाची किंवा शिताके मशरूमची, आणि मूळ रिवाजाप्रमाणे कांदा-लसूणही नाही. हे ऐकून आई चकित होतील. मात्र आधी आरक्षण लागतं, वेळ दीड तास जातो आणि ते साध्या जेवणापेक्षा महाग असतं. एक दिवस तेवढं करा असं मी म्हणेन. तिळाच्या दुधापासून केलेलं गोमादोफू तोंडात ठेवल्यावर आईंचा चेहरा बघा. जमलं नाही तर उएनो परिसरात भारतीय जेवण मिळतंच. पिशवीत थेपले, मेतकूट, चिवडा असू द्या, लाज वाटायचं कारण नाही. फक्त चालता चालता खाऊ नका, बाकावर बसून खा. आणि कचऱ्याला एक रिकामी पिशवी ठेवा. रस्त्यावर कचरापेट्या जवळपास नाहीतच, सगळे आपापला कचरा घरी नेतात.

गोड खाणाऱ्यांसाठी: दाइफुकु घ्या. बाहेर चिकट तांदळाची पारी, आत आन्को म्हणजे आझुकी डाळीचं गोड सारण. वेलची-जायफळ नसलेलं पुरण समजा.

जेवणानंतर शिनोबाझु तळ्याच्या काठाने सावकाश चालायचं. सगळा रस्ता सपाट आहे आणि बाक पुष्कळ. नोव्हेंबरात कमळं वाळलेली असतात, नुसते तपकिरी देठ आणि वाकलेली बोंडं. जुलै-ऑगस्टच्या फुलांइतकंच मला हेही आवडतं. मधल्या बेटावर बेनझाइतेनचं देऊळ आहे. ही आपली सरस्वती, हातात वीणेऐवजी बिवा हे जपानी तंतुवाद्य. पाण्याजवळ वीणाधारी देवी का, असं बाबांनी विचारलं तर सांगा की सरस्वती मुळात नदीच होती, जपानने ते विसरू दिलं नाही. सतराव्या शतकात तेनकाई या भिक्षूने इथे एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, रक्षणासाठी कानेइजी हे मोठं देवस्थान वसवलं, तेव्हा तळ्याला बिवा सरोवर मानलं आणि त्यातल्या बेटावरची देवी इथे आणली.

उएनोहून निप्पोरी यामानोते लोकलने दोन स्टेशनं. आता दुपारचे अडीच. निप्पोरीच्या पश्चिम दाराने बाहेर पडलात की यानाका.

इथे घरच्यांना आधी विचारून घ्या, कारण वाट यानाकाच्या रेएनमधून, म्हणजे समाधिस्थळातून जाते आणि काही ज्येष्ठांना ते नको असतं. नको असेल तर बाजूची गल्ली आहे, मन दुखवून नेण्यात अर्थ नाही. पण सांगून बघा. जपानात दहनच होतं. दगडांखाली अस्थींचे कलश असतात, आणि लोक तिथे सकाळी फिरायला, मुलांना सायकल शिकवायला येतात. शेवटचा शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, तोकुगावा योशिनोबु इथेच आहे, १९१३ साली गेला.

समाध्यांच्या मागे उंच, अरुंद फळ्या उभ्या केलेल्या दिसतील. त्यांना सोतोबा म्हणतात, हा स्तूप शब्दाचाच अवतार. वारा आला की त्या एकमेकींवर आपटून खडखडतात. फळीच्या वरच्या टोकाला काळ्या शाईने काढलेली पाच अक्षरं असतात. ती जपानी नाहीत, चिनीही नाहीत. ती सिद्धम् लिपी आहे, इथे तिला बोन्जी, ब्रह्माची अक्षरं, म्हणतात. वरून खाली ख, ह, र, व, अ: आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. माणूस पाच तत्त्वांत विलीन झाला, एवढंच त्या फळीवर लिहिलेलं असतं.

साताऱ्याच्या एक निवृत्त संस्कृत शिक्षिका माझ्याबरोबर होत्या. मी काही बोलायच्या आत त्या एका फळीपाशी थांबल्या, चष्मा वर केला आणि खालच्या अक्षरावरून हवेत बोट फिरवायला लागल्या. "हा अ आहे का हो? आमच्या पोथीतल्या जुन्या अ सारखा वळतोय." होता. मग त्यांनी तळहातावर तो पुन्हा काढला, पुन्हा काढला, आणि बराच वेळ तिथून हलल्या नाहीत. शाईचा कुंचला आधी जाड टेकवून मग बारीक ओढलेला, त्यामुळे डावीकडचा कान भरलेला दिसतो. देवनागरी आणि सिद्धम् दोघी ब्राह्मीच्या लेकी. चेहरा थोडा बदलला तरी ठेवण ओळखू येते. जपानी मुलं आजही मुळाक्षरं घोकतात ती आ-इ-उ-ए-ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व या क्रमाने. हा क्रम इथल्या भिक्षूंच्या संस्कृत ध्वनींच्या अभ्यासातून आलेला आहे. आपल्या बाराखडीशी ताडून बघा.

यानाका या पूर्ण दिवसाचा गाभा आहे. १६५७ च्या मोठ्या आगीनंतर शहरातली बरीच देवळं इथे हलवली गेली, आज सत्तरच्या आसपास आहेत. १९२३ आणि १९४५ या दोन्ही वेळा आगीने या वस्तीचा बराच भाग सोडला. सकाळी आसाकुसात जळालेलं झाड बघितलेलं असतं, म्हणून इथली लाकडी घरं, गल्लीतला हातपंप, दारापुढच्या कुंड्या यांची किंमत कळते. याच कारणाने मी हा क्रम उलटा कधीच करत नाही. एका तिठ्यावर प्रचंड हिमालयीन देवदार आहे. कोणीतरी कुंडीत लावलेलं रोप होतं म्हणतात, आता खालचं छोटं दुकान त्याच्या पंखाखाली आल्यासारखं दिसतं. तिथे गाईडला गप्प बसायला सांगा. खरंच. दहा मिनिटं कोणीच काही सांगू नये, अशी जागा आहे.

पैशांचं आता. परवानाधारक खासगी गाईडचे सहा ते आठ तासांचे साधारण ३० ते ५० हजार येन होतात. हे पूर्ण गटाचे असतात, माणशी नाहीत, त्यामुळे चौघांत परवडतं. गाईडचा गाडीखर्च, तिकिटं आणि जेवण तुमच्याकडे. हे आधी लेखी ठरवून घ्या. बक्षिशी द्यायची नाही, इथे रीत नाही.

परवान्याची परीक्षा भाषा, भूगोल, इतिहास आणि तोंडी अशी सगळी होते. भाषा दहाच आहेत आणि त्यात हिंदी नाही, मराठी नाही. म्हणजे मराठीत बोलणारा परवानाधारक गाईड मिळाला तर त्याचा परवाना दुसऱ्या भाषेतला असणार. जानेवारी २०१८ पासून परवान्याशिवायही पैसे घेऊन गाईडचं काम करायला कायद्याने मोकळीक आहे. विनापरवाना गाईडही उत्तम असू शकतो, पण "सरकारी परवानाधारक" म्हणवून घेत असेल तर कार्ड मागा, दाखवावंच लागतं.

मराठीच हवा का? मी स्वतः मराठी गाईड आहे, तरी प्रामाणिकपणे सांगते: तुमच्या आई-बाबांना इंग्रजी सहज कळत असेल तर याच भागात वाढलेला एखादा जपानी गाईड घ्या. कोपऱ्यावरच्या पानवाल्याला मारतात तशी गल्लीतला प्रत्येक माणूस त्याला हाक मारेल, ते मला मिळणार नाही. पण इंग्रजी ऐकून तुम्ही मराठीत सांगणार असाल, तर दिवसभर भाषांतर करून तुम्ही थकाल आणि बाबा विचारायचे प्रश्न गिळतील. तसं असेल तर मराठी किंवा हिंदी बोलणारा घ्या. पैशांची ओढाताण असेल तर अनेक भागांत हौशी स्वयंसेवक गाईडही असतात, त्यांचा फक्त खर्च उचलायचा असतो. वेग आणि वाट मात्र तुमच्या सोयीची नसते.

गाईड ठरला की त्याला खरं सांगा. गुडघा कोणता, किती पायऱ्या चालतात, बाथरूमला किती वेळाने लागतं, गोळी किती वाजता. लोक हे लपवतात आणि मग मला भर रस्त्यात कळतं. आधी कळलं तर दर चाळीस मिनिटांना बसायची जागा आणि स्वच्छतागृह येईल अशी वाट आखता येते.

नोव्हेंबरच्या मध्यात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो. सव्वाचारला यानाका गिंझा या छोट्या बाजाराच्या वरच्या टोकाला, युयाके दानदानवर या, म्हणजे संध्याप्रकाशाच्या पायऱ्यांवर. पायऱ्या बाबांना नको असतील तर शेजारीच उतार आहे. तिथे गाईडला निरोप द्या, निप्पोरी पाच मिनिटांवर आहे.

आणि नेताजींचं देऊळ. त्याच दिवशी नको. रेन्कोजी शहराच्या दुसऱ्या टोकाला, सुगिनामी वॉर्डात आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी स्वतंत्र जा, गाईडशिवाय. मारुनोउची लाईनने हिगाशी-कोएन्जी स्टेशनला उतरायचं, तिथून दहा मिनिटं चालणं. नेताजींच्या म्हणून जपलेल्या अस्थी १९४५ च्या सप्टेंबरपासून तिथे आहेत. मुख्य दालन एरवी बंद असतं, १८ ऑगस्टच्या स्मृतिदिनाला उघडतं, हे बाबांना निघायच्या आधीच सांगा. अंगणात नेताजींचा अर्धपुतळा आहे, आणि नेहरू, राजेंद्रप्रसाद, इंदिरा गांधी, वाजपेयी येऊन गेले त्यांचे शब्द कोरलेल्या पाट्या आहेत. वस्ती राहती आहे, शांत आहे, आवाज बेताचा ठेवा. फुलं स्टेशनजवळच घ्या. कोणत्या दरवाज्याला लिफ्ट आहे, ते तोवर बाबा स्वतःच शोधून काढतील.